इंग्रजी वाक्प्रचारांची साक्ष



इतिहासावरील व्याख्यान म्हटले की लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांची वर्णने ऐकावयास मिळतील अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. आज मी जो विषय घेतला आहे त्यात लढाया आहेत, दर्यावर्दी आहेत, एका भाषांतरकाराला झालेली देहान्ताची शिक्षाही आहे. फक्त ही सारी मंडळी दोनदोन, तीनतीन शब्दांच्या आड बसलेली आहेत. इंग्रजीतील नित्याच्या वाक्प्रचारांचा अर्थ काय, ते वापरावे कसे आणि ते आले कोठून, हा आजचा विषय.

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना इंग्रजी वाक्प्रचारांची एक वही केलेली असेल. डाव्या बाजूस वाक्प्रचार, उजव्या बाजूस अर्थ आणि त्याखाली ‘वाक्यात उपयोग करा’. ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस पडत आहे. कुत्र्यामांजरांचा पावसाशी काय संबंध, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर ‘साहेब तसे म्हणतो’ एवढेच उत्तर मिळे. पाठांतराने परीक्षा सुटली. परंतु ह्या पद्धतीने आपले दोन प्रकारे नुकसान झाले. वाक्प्रचार कोठे शोभतो आणि कोठे शोभत नाही, हे आपल्याला कळले नाही. आणि पुढे मोठेपणी त्यांच्या जन्माच्या चटकदार कथा कानांवर आल्या, तेव्हा त्या खऱ्या की खोट्या हे ठरविण्याचे कोणतेही साधन आपल्यापाशी नव्हते. ऐकले ते खरे मानून आपण ते पुढे सांगितले.

म्हणून मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. वाक्प्रचार हा इतिहासाचा साक्षीदार आहे. तो डोळ्यांनी पाहिलेले सांगतो, ऐकलेले सांगतो, आणि प्रसंगी धादांत खोटेही बोलतो. श्रोत्यांमध्ये वकील मंडळी असतील, त्यांना हे सांगावयास नको की साक्षीदाराची उलटतपासणी झाल्यावाचून त्याच्या जबानीला किंमत नसते.

ही उलटतपासणी करावयाची कशी, ह्याचा मार्ग इंग्रजांनीच घालून दिलेला आहे. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच ह्यांनी त्या वेळच्या इंग्रजी कोशांतील उणिवा दाखविणारे निबंध वाचले, आणि त्यातून एका नव्या कोशाची कल्पना पुढे आली. प्रत्येक शब्द आणि शब्दप्रयोग लिखाणात प्रथम कधी दिसला, पुढे त्याचा अर्थ कसकसा पालटत गेला, हे तारीखवार उताऱ्यांनिशी दाखवावयाचे, ही ती कल्पना. शेकडो वाचकांनी जुनी पुस्तके चाळून चिठ्ठ्यांवर उतारे टिपून पाठविले. १८७९ पासून जेम्स मरे ह्यांनी संपादकपद सांभाळले. पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरे झाले ते १९२८ साली. मरे त्यापूर्वीच, १९१५ साली, निवर्तले होते. हाच तो ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश. त्याने शिकविलेला नियम सोपा आहे : कथा कितीही गोड असो, तिच्यापेक्षा तारीख मोठी. एखादी गोष्ट अमुक घटनेवरून निघाली असे कोणी म्हणाले, आणि ती त्या घटनेपूर्वीच्या पुस्तकात आढळली, तर कथा निकालात निघाली. योगायोग असा की ज्या १८५७ साली लंडनला हा विचार निघाला, त्याच साली मोल्सवर्थ ह्यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईस प्रसिद्ध झाली. मराठी म्हणी आणि शब्दप्रयोग ह्यांचे जे भांडार त्या कोशात आहे, त्याचा उपयोग आपण आजही करतो.

आता साक्षीदार एकेक करून बोलावू. पहिली साक्ष समुद्राची.

इंग्लंड हे बेट. १५८८ साली स्पॅनिश आरमार परतवले तेव्हापासून १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईपर्यंत, आणि त्यानंतरही, त्या देशाचे पोट आणि राज्य शिडाच्या जहाजांवर चालले. तेव्हा खलाशांची बोली घरोघर पोचली ह्यात नवल नाही. आपण ‘एकंदरीत’ किंवा ‘बहुतांशी’ ह्या अर्थी ‘बाय अँड लार्ज’ असे सहज म्हणतो. शब्द सुटे केले तर अर्थाचा पत्ता लागत नाही. पण सतराव्या शतकातल्या खलाशाला विचारा. जहाज शक्य तितके वाऱ्याच्या तोंडाकडे धरून हाकारणे म्हणजे ‘बाय’, आणि वारा पाठीशी घेऊन मोकळे सोडणे म्हणजे ‘लार्ज’. काही जहाजे एका प्रकारात चांगली चालत, दुसऱ्या प्रकारात अडत. दोन्ही प्रकारांत नीट चालणारे जहाज ‘बाय अँड लार्ज’ चांगले ठरे. सगळ्या बाजूंनी पाहता, हा आजचा अर्थ तेथून आला.

‘टेकन अबॅक’ म्हणजे अकस्मात काही ऐकून चपापणे, थक्क होणे. हीही खलाशाचीच गोष्ट. वारा एकाएकी फिरला आणि शिडे पुढे फुगण्याऐवजी मागे डोलकाठीवर दाबली गेली, म्हणजे चालते जहाज जागच्या जागी खिळे. आपल्याकडे एखाद्याला अनपेक्षित बोल लागला म्हणजे तो क्षणभर जसा उभाच राहतो, अगदी तसे.

‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणजे दारूने झिंगलेला. येथे ‘शीट’ म्हणजे चादर किंवा शीड समजून पुष्कळजण फसतात. जहाजावर ‘शीट’ म्हणजे शिडाचे खालचे टोक आवळून धरणारा दोर. असे दोर सुटले की शीड वाऱ्यावर फडफडते आणि जहाज झोकांड्या खाते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हा प्रयोग लिखाणात येतो. एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : शिडाची जहाजे गेली, ती हाकारणारे गेले, दोर कोणता आणि शीड कोणते हे सांगणारा शहरात कोणी उरला नाही, तरी मुंबईच्या कचेरीत बसलेला कारकून ‘बाय अँड लार्ज’ असे टिपणात लिहितोच. धंदा बुडतो आणि त्याची बोली तरंगत राहते.

समुद्राची साक्षही नेहमी निर्विवाद असते असे नाही. ‘टू द बिटर एंड’ म्हणजे अगदी अखेरपर्यंत, कितीही कष्ट पडले तरी. जहाजाच्या तक्तपोशीवर नांगराचा जाड दोर गुंडाळण्याचे खुंट असत, त्यांना ‘बिट’ म्हणत. कॅप्टन जॉन स्मिथ ह्याने १६२७ साली खलाशांच्या परिभाषेचे पुस्तक लिहिले, त्यात ह्या खुंटाशी संबंधित ‘बिटर’ शब्द आहे. दोर सोडता सोडता खुंटाजवळचे टोक आले म्हणजे पुढे सोडावयास काही उरले नाही. अर्थ चपखल बसतो. परंतु दुसरीकडे बायबलच्या नीतिसूत्रांत शेवट कडू होण्याची गोष्ट आहे, आणि इंग्रजीत ‘बिटर’ म्हणजे कडू हे पोरालाही ठाऊक. दोन झरे एका ओढ्यात मिळावेत तसे हे झाले असण्याचा संभव आहे. अशा वेळी एकाच्या नावाने निकाल देण्याची घाई न करता दोन्ही बाजू सांगाव्यात.

‘टू टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे, आपल्या भाषेत कानाडोळा करणे. ह्याची सांगड नेल्सनशी घालतात. १७९४ साली कॉर्सिकातील काल्व्हीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत त्याचा वरिष्ठ सर हाइड पार्कर ह्याने लढाई थांबविण्याची निशाणी दिली. नेल्सनने लढाई थांबविली नाही, आणि ती जिंकली. दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावून ‘मला निशाणी दिसत नाही’ असे तो म्हणाला, ही गोष्ट पुढे चरित्रकारांनी रंगविली. लढाई खरी, निशाणी खरी, आज्ञाभंग खरा. दुर्बिणीचा तपशील मात्र आख्यानासारखा ऐकावा.

दुसरी साक्ष ग्रंथाची, आणि तिच्यासाठी एका माणसाने प्राण दिले.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडात बायबल लॅटिनमध्ये होते आणि परवानगीवाचून ते देशभाषेत आणणे हा गुन्हा होता. विल्यम टिंडल नावाच्या विद्वानाने, नांगर हाकणाऱ्या पोरालाही धर्मग्रंथ कळावा, असा निश्चय केला. आपल्याकडे ज्ञानेश्वर-एकनाथांना जी तळमळ होती, तिच्या जातीचीच ही तळमळ. मायदेशी थारा मिळेना, म्हणून १५२४ साली तो देश सोडून गेला. १५२६ साली जर्मनीतील वर्म्स येथे त्याने नवा करार इंग्रजीत छापून काढला. प्रती चोरून इंग्लंडात गेल्या. १५३५ साली अँटवर्प येथे तो पकडला गेला आणि पुढच्या वर्षी ब्रुसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारून त्याचे प्रेत जाळण्यात आले. १६११ साली राजाज्ञेने जे अधिकृत बायबल निघाले, त्यात ह्याच माणसाची कितीतरी वाक्ये जशीच्या तशी आहेत. आज इंग्रज मनुष्य सत्ताधाऱ्यांना ‘द पॉवर्स दॅट बी’ म्हणतो, सज्जनाला ‘द सॉल्ट ऑफ द अर्थ’ म्हणतो, तेव्हा तो टिंडलची भाषा बोलत असतो. बहुधा ते त्याला माहीतही नसते.

‘स्केपगोट’ हा शब्द टिंडलनेच १५३० साली घडविला. जुन्या करारातील विधी असा : दोन बोकड आणावयाचे. एकाचा बळी द्यावयाचा. दुसऱ्याच्या मस्तकावर लोकांची सारी पापे वदवून त्याला रानात सोडून द्यावयाचे. ह्या दुसऱ्या बोकडासंबंधीच्या ‘अझाझेल’ ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ टिंडलने ‘निसटणारा बोकड’ असा केला. तो अर्थ पुढील पंडितांना मान्य झाला नाही, १८८५ च्या सुधारित भाषांतरात तेथे ‘अझाझेल’ हे मूळ नावच घातले आहे. पण शब्द रूढ झाला तो झालाच. दुसऱ्यांच्या अपराधाचे खापर ज्याच्या माथी फोडतात, तो ‘स्केपगोट’. आपण त्याला ‘बळीचा बकरा’ म्हणतो. गंमत पाहा, मूळ विधीत बळी जाणारा बकरा वेगळा आणि पापे वाहणारा वेगळा! आपला बकरा आपल्या देवळापुढचा आहे. तरी व्यवहारात दोघे एकाच कामाला येतात, म्हणून आपले काही अडत नाही.

तिसरे साक्षीदार मात्र खोटे बोलणारे आहेत, आणि ह्यांच्यापाशी थोडे अधिक थांबले पाहिजे.

कुत्र्यामांजरांच्या पावसाची एक कथा सांगतात : जुन्या इंग्लंडात घरांना गवताची छपरे असत, कुत्रीमांजरे उबेसाठी छपरात झोपत, पाऊस आला की घसरून खाली पडत. शाकारलेले घर ज्याने पाहिले आहे त्या आपल्या कोकणातल्या माणसाला ही कथा सांगून पाहा, तो हसेल. कुत्रा छपरात चढत नाही आणि मांजर पावसात घसरत नाही. तारखांचे म्हणाल तर १६५०च्या सुमारास इंग्रज लेखक कुत्र्यामांजरांच्या, कुत्र्यांच्या आणि रानमांजरांच्या पावसाविषयी लिहू लागलेले दिसतात. आजचा प्रयोग जॉनथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक म्हणजे प्रतिष्ठितांच्या बैठकीतील शिळ्या, घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टिंगल. म्हणजे जो वाक्प्रचार आपण इंग्रजीचा अलंकार म्हणून घोकला, तो १७३८ साली स्विफ्टला शिळा वाटत होता! आजचा इंग्रजही तो ओळखतो, पण गंभीरपणे क्वचितच वापरतो.

दुसरे उदाहरण ‘रूल ऑफ थंब’. अर्थ सरळ आहे : काटेकोर मापाऐवजी अनुभवाचा ठोकताळा. सुताराने अंगठ्याने लांबी घ्यावी, तसे. आपल्याकडे अंगूळ, वीत, हात ही मापे होतीच. सतराव्या शतकात हा प्रयोग ह्याच अर्थाने छापलेला आढळतो. परंतु १९७० नंतरच्या दशकात एक कथा पसरली की जुन्या इंग्रजी कायद्याने नवऱ्याला अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारण्याची मुभा दिली होती, आणि त्यावरून हा वाक्प्रचार निघाला. असा कायदा कोठे आढळत नाही. कथेला एक धागा आहे खरा : १७८२ साली फ्रान्सिस बुलर नावाच्या न्यायाधीशाने असे मत दिल्याची वदंता उठली आणि जेम्स गिलरे ह्या चित्रकाराने त्याचे ‘जज थंब’ म्हणून व्यंगचित्र काढले. पण वाक्प्रचार त्याहून शंभर वर्षे जुना आहे.

येथे कोणी म्हणेल, बायकांना मारहाण होत होती हे तर खरे ना? मग कथा खोटी असली म्हणून काय बिघडले? बिघडते ते असे की, खऱ्या अन्यायाला खोट्या पुराव्याचा टेकू दिला की टेकू काढून घेणारा अन्यायच नाकारू लागतो. ज्याची बाजू न्याय्य आहे, त्याने तर पुरावा अधिक पारखून घ्यावा.

तिसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. ‘बाइट द बुलेट’ म्हणजे मन घट्ट करून नकोसे काम पार पाडणे. कोणी ह्याचा संबंध १८५७ च्या काडतुसांशी जोडतात, कारण ती दातांनी तोडावी लागत. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्रोस ह्याने आपल्या गावंढळ बोलीच्या कोशात एक नोंद केली आहे : चाबकाचे फटके खाताना ओरडू नये म्हणून काही पलटणींतले शिपाई तोंडात गोळी चावीत, आणि जो ओरडे त्याला ‘नाइटिंगेल’ म्हणजे बुलबुल म्हणून हिणवीत. काडतुसांची गोष्ट ह्या नोंदीच्या कितीतरी नंतरची. आजच्या अर्थाने हा प्रयोग रूढ करणाऱ्यांत रुडयार्ड किपलिंगची १८९१ सालची कादंबरी येते. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा. एवढाच ह्यात आपला भाग. पण त्या बुलबुलांकडे पाहा. इंग्रजांच्या राज्यावर सूर्य मावळत नसे असे आपण शिकलो. ते राज्य उभारणाऱ्या गरीब शिपायाच्या पाठीवर काय उमटत होते, हे मात्र ह्या तीन शब्दांनी जपून ठेवले आहे.

चौथ्या प्रकारचा साक्षीदार शेजाऱ्याची निंदा करतो. इंग्रज आणि डच १६५२ ते १६७४ ह्या काळात समुद्राच्या व्यापारासाठी तीनदा लढले. दारू पिऊन आलेल्या शौर्याला इंग्रजीत ‘डच करेज’, आणि अगम्य बडबडीला ‘डबल डच’ म्हणतात. ह्यांतले बरेच प्रयोग लिखाणात उशिरा दिसतात. लढाया संपल्या तरी कुत्सितपणा शिल्लक राहिला असे दिसते. आपल्या कचेऱ्यांतून परिचित असलेली ‘फ्रेंच लीव्ह’ ही अशीच. मूळ अर्थ मेजवानीतून यजमानाचा निरोप न घेता निघून जाणे. आपल्याकडे तिचा अर्थ रजेचा अर्ज न देता दांडी मारणे असा झाला. फ्रेंच लोक मात्र ह्याच प्रकाराला ‘इंग्रजी पद्धतीने सटकणे’ म्हणतात! आपणही ह्या बाबतीत सोवळे नाही. साध्या गोष्टीला लांबचा वळसा घातला की आपण त्याला ‘द्राविडी प्राणायाम’ म्हणतो. द्रविडांनी आपले काय घोडे मारले होते?

ह्या प्रकारातला सर्वांत दुःखद शब्द आपल्या देशाचा आहे. वाटेत येईल ते चिरडीत जाणाऱ्या प्रचंड शक्तीला इंग्रजीत ‘जगरनॉट’ म्हणतात. इंग्लंडच्या रस्त्यांवर अवाढव्य मालमोटारीलाही हेच नाव आहे. हा शब्द म्हणजे पुरीचा आपला जगन्नाथ. रथाच्या चाकांखाली भाविक देह टाकतात, असे चौदाव्या शतकात एका इटालियन धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आणि युरोपात ते वाचले गेले. १८०६ साली क्लॉडियस ब्युकॅनन ह्या पाद्र्याने पुरीची यात्रा पाहिली. १८११ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाने जगन्नाथाचे ते भयानक चित्र इंग्लंडच्या घराघरांत नेले. पुढे १८७२ साली ओरिसाचा इतिहास लिहिणाऱ्या हंटर ह्या इंग्रज अधिकाऱ्यानेच दाखवून दिले की असे प्रकार विरळ होते, लोटालोटीत अपघात होत, आणि विष्णूच्या उपासनेच्या वृत्तीशी असले आत्मार्पण विसंगत होते. पण कोशात शब्द बसून गेला होता. ज्याच्या रथाचा दोर कोणीही ओढावा, त्या देवाचे नाव जगभर चिरडणाऱ्या यंत्राला लागले. इतिहासकाराने निर्दोष ठरविले तरी भाषा आरोपीला सोडीत नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. एक, वाक्प्रचारातला शब्द बदलता येत नाही. ‘कॅट्स अँड डॉग्ज’चे ‘डॉग्ज अँड कॅट्स’ केले की इंग्रज माणूस चमकतो. आपल्याला कोणी ‘मीठमिरची लावून’ऐवजी ‘मीठहळद लावून सांगितले’ म्हणाला तर वाटेल तसे. दोन, अर्थ कळला म्हणजे उपयोग कळला असे नाही. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, असे वहीत लिहिलेले असते. म्हणून कोणी शोकाच्या पत्रात तो घातला तर अनर्थ होईल. ग्रोसच्या १७८५ च्या कोशातला तो थट्टेचा प्रयोग आहे. मराठीत ‘गचकला’ म्हणण्यासारखा. ‘वैकुंठवासी झाले’, ‘निधन पावले’ आणि ‘गचकला’ ह्यांतला फरक आपल्याला कोणी शिकविला नाही, तो घरात ऐकून आला. परक्या भाषेत ते ऐकणे नसते, म्हणून तेथे वाक्प्रचार जपून वापरावा, आणि शंका असेल तेथे साधे बोलावे. साधे इंग्रजी कोणालाही हास्यास्पद करीत नाही.

शेवटचा प्रश्न आपल्या भाषेचा. इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः मराठीत आणावेत काय? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली तेव्हापासून हा वाद आहे. तो सोडविण्यासाठी पुन्हा बायबलकडेच पाहू. ‘बाय द स्किन ऑफ वन्स टीथ’ म्हणजे थोडक्यात बचावणे. दातांना कातडी कोठली? हा हिब्रू प्रयोग सोळाव्या शतकातल्या भाषांतरकारांनी शब्दशः उचलला, आणि आज तो अस्सल इंग्रजी समजला जातो. तेव्हा शब्दशः आणलेले परके रोपटे कधीच रुजत नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरी वाटही त्याच काळात एका इंग्रजाने दाखविली, आणि ती आपल्या भूमीवर. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आणि अधिकृत इंग्रजी बायबलानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १६१६ साली, राचोल येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत, येथल्या पुराणाच्या घाटात सांगितली. पाहुणा यजमानाच्या घरी यजमानाच्या रीतीने बसला.

ह्या दोन्ही वाटा खुल्या आहेत. कसोटी एकच, की ऐकणाऱ्याला वस्तू दिसली पाहिजे. ‘क्लीन बोल्ड झाला’ हे आपल्या खेड्यातल्या पोरालाही कळते, कारण १८४८ साली मुंबईच्या पारशांनी क्लब काढल्यापासून क्रिकेट आपल्याकडे रुजत गेले. वस्तू आली, तिच्यामागून शब्द आला. ‘लालफीत’ही कळते. इंग्लंडात कायद्याचे आणि सरकारी कागद लालसर फितीने बांधीत. त्यावरून कागदी दिरंगाईला ‘रेड टेप’ म्हणू लागले. आपले पेशवे दप्तर रुमालांत बांधलेले होते; ‘रुमाल’ म्हणजे कागदांचा गठ्ठा. राज्य बदलले, रुमालाची फीत झाली, आणि दिरंगाई सोसणाऱ्या रयतेला नवा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

‘पांढरा हत्ती’ मात्र विचार करावयास लावतो. सयामचा राजा नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट देई आणि तो पोसता पोसता सरदार भिकेला लागे, ही त्याची कथा. सयामात पांढरा हत्ती पवित्र मानीत, राजा तो जपून ठेवी. अशा नासवणाऱ्या दानाला पुरावा सापडत नाही. आपल्याकडे इंद्राचा ऐरावत पांढरा, आणि दारी हत्ती झुलणे ही ऐश्वर्याची परमावधी, ‘गजान्तलक्ष्मी’. तोच हत्ती इंग्रजीतून परत आला तो खर्चाचे ओझे होऊन आला, आणि आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला तसाच दारात बांधला. शब्द टिकला आहे, तो काढता येणार नाही. पण आपल्याच हत्तीला आपण परक्याच्या डोळ्यांनी पाहिले, एवढे तरी ध्यानात असावे.

ही उलटतपासणी आपण आपल्या साक्षीदारांचीही करावी. ‘पानिपत होणे’ हा प्रयोग १४ जानेवारी १७६१ ची खरी जखम वाहतो. ‘ध चा मा करणे’ ह्या प्रयोगाची गोष्ट निराळी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरले, हा इतिहास. चिठ्ठीत ‘धरावे’ होते, आनंदीबाईने त्याचे ‘मारावे’ केले, ही कथा. त्या एका अक्षराचा दोष एका बाईच्या माथी मारून अडीचशे वर्षे आपण तो प्रयोग हसतखेळत वापरीत आहोत. टिंडलचा बोकड आठवतो. पुराव्यावाचून कोणाच्या मस्तकावर पापे वदविणे आपल्यालाही साधले आहे.

मराठीचे हे धन गोळा करण्याचे काम दाते आणि कर्वे ह्यांनी आपल्या वाक्संप्रदाय कोशात १९४२ पासून केले. त्याचे ऋण मोठे आहे. जाते गेले, मोट गेली, उखळ-मुसळ गेले. तरी ‘सुपातले जात्यात’ आपण म्हणतो, आणि पाऊस मुसळधारच पडतो. आपल्या घरी अजून कोणी आजी असेल, जिने पहाटे जात्यावर बसून दळले आहे, तर तिला सुपातले आणि जात्यातले म्हणजे काय ते एकदा विचारून ठेवा, आणि विचारले त्या दिवसाची तारीख कागदावर लिहा. पुढे कोणी उलटतपासणी घेऊ लागला, तर त्याच्या हाती एवढा तरी पुरावा असावा.